एका पोस्टकार्डाखालचा महाराष्ट्र

सप्टेंबरातली उघडीप. रत्नागिरीच्या चंपक मैदानावर, सड्याच्या कातळावर गोणपाट टाकून मी पालथी पडले आहे. नाकासमोर गेंदाचं फूल. फूल कसलं, पाच मिलिमीटरचं पांढरं बटण! उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात बोटभर उंचीच्या विलोचं चित्र काढायलाही असंच लोळावं लागतं. तिथे थंडी झाडाला डोकं वर काढू देत नाही, इथे मातीच जेमतेम बोटभर.

राजापूर तालुक्यात, कशेळीच्या सड्यावर कुणा पूर्वजाने 18 मीटर लांबीचा हत्ती कोरलाय. माझी बटणं ओळीने लावली तर त्या लांबीत 3,600 बसतील!

जागा मापायला मी पोस्टकार्ड बाळगते. पन्नास पैशांचं, 14 बाय 9 सेंटिमीटरचं. आज त्याच्या चौकोनात 30 रोपं भरली: गेंद, जांभळी सीतेची आसवं, चिकट केसांचा लालचुटूक दवबिंदू. आता धरा, सगळीकडे एवढीच दाटी आहे. (नसते, मधेमधे कातळ उघडा असतो. पण धरा!) एक हेक्टर झाकायला कार्डं लागतील 8 लाख. चार लाख रुपये! आणि रोपं? 2 कोटी 40 लाख. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राची माणसं होती 11 कोटी 24 लाख. म्हणजे माणशी एक रोप धरलं, तर पावणेपाच हेक्टरांत मुंबई, पुणे, नागपुरासकट अख्खं राज्य मावलं.

एका रोपाचं चित्र काढायला मला 40 मिनिटं लागतात. एका हेक्टरातली सगळी काढायची तर न जेवता, न झोपता 1,826 वर्षं! सातवाहनांच्या पडत्या काळात बसले असते, तर आत्ता कुठे सही केली असती.

आणि पाणी? इथे पावसाळ्यात ढोबळमानाने 3 मीटर पाऊस पडतो. एका हेक्टरावर 3 कोटी लिटर! चार मीटर रुंद, दहा मीटर खोल अशा 240 विहिरी काठोकाठ. दहा हजार लिटरचे टँकर म्हणाल तर 3,000. एकामागे एक उभे केले तर रांग जवळजवळ गणपतीपुळ्याला टेकेल. मे महिन्यात मात्र सड्याकडेच्या वाड्या एकाच टँकरची वाट बघतात.

पण थांबा, सीतेची आसवं राहिली. नाव हळवं, काम शिकाऱ्याचं. जमिनीखाली बारीक पिशव्या, केसाला धक्का लागला की किडा आत! या कुळातल्या पाणवनस्पतींवर फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी वेगवान कॅमेरे लावले. 2011 साली आकडा आला: पिशवी उघडायला अर्धा मिलिसेकंद. तुमची पापणी एकदा लवेपर्यंत अशा 600 पिशव्या एकीमागून एक उघडतील! माझं एक रोप कागदावर उतरेपर्यंत 48 लाख! आत ओढल्या जाणाऱ्या पाण्याचा वेग वाढण्याचा झपाटा पडत्या आंब्याच्या 600 पट. तोच झपाटा तुमच्या गाडीला द्या, मुंबईहून निघा, पाय काढूच नका. दीडशे किलोमीटरवरचं पुणे किती वेळात?

सात सेकंद!

लोणावळ्याची चिक्की विसरा. आणि पुण्यात तरी उतरणार कसे? तेव्हा वेग असेल सेकंदाला 42 किलोमीटर.

मी पेन्सिलीला टोक काढते. गेंदाचा देठ अजून राहिलाय.