न्यूगेटमधलं व्यक्तिचित्र

व्यक्तिचित्र म्हटलं की राजे, सरदार, सावकार डोळ्यांपुढे येतात. ज्याची ऐपत, त्याचं चित्र. पण अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये हा मान भलत्याच लोकांना मिळू लागला. आज आपण तिथेच, न्यूगेटच्या तुरुंगात जाणार आहोत.

सुरुवात जॅक शेपर्डपासून करू. हा सुताराकडे उमेदवारी करणारा पोरगा, पुढे चोर झाला. 1724 या एकाच वर्षात तो चार वेळा कैदेतून पळाला. शेवटी पकडला, तेव्हा त्याला बघायला इतकी गर्दी झाली, की तुरुंगाचे रखवालदार चक्क पैसे घेऊन लोकांना आत सोडत. त्या गर्दीत एक सर जेम्स थॉर्नहिल होते. सेंट पॉल कॅथीड्रलचा घुमट आतून रंगवणारे, राजाचे चित्रकार! त्यांनी शेपर्डला समोर बसवून त्याचं चित्र काढलं, आणि त्यावरून छापचित्रं निघाली. नोव्हेंबरात शेपर्ड फासावर गेला. वय 22.

आता पडद्यावरची ही बाई बघा. सारा माल्कम. टेंपल भागात वकिलांच्या खोल्यांची झाडलोट करायची, कपडे धुवायची. फेब्रुवारी 1733 मध्ये तिथे एक म्हातारी मालकीण, तिची जुनी मोलकरीण आणि 17 वर्षांची नवी मोलकरीण, अशा तिघी मारल्या गेल्या. साराकडे रक्ताचे कपडे आणि मुठीला रक्त लागलेला चांदीचा पेला सापडला. चोरीत आपण होतो, हे तिने कबूल केलं. खून मात्र साथीदारांनी केले, आपण बाहेर पहाऱ्यावर होतो, असं ती शेवटपर्यंत म्हणत राहिली. कपड्यांवरचं रक्त मासिक पाळीचं आहे, हेसुद्धा तिने भर कोर्टात, पुरुषांच्या ज्यूरीपुढे सांगितलं. त्या काळी हे बोलायला काय छाती लागली असेल! ज्यूरीला ते पटलं नाही.

फाशीच्या दोन दिवस आधी विल्यम हॉगार्थ तिच्याकडे गेले. हे थॉर्नहिल यांचे जावई, म्हणजे वाट घरातूनच माहीत होती म्हणा. चित्र नीट पाहा. ती टेबलाशी बसली आहे, भक्कम हात टेबलावर, पुढे जपमाळ, कारण ती कॅथलिक होती. मागचं तुरुंगाचं दार झाकलं, तर एखाद्या सुखवस्तू घरातली बाई वाटेल. चित्राला बसताना तिने गालांना लाली लावली होती, असं होरेस वॉल्पोल यांनी नंतर लिहून ठेवलं. आम्हाला हा तपशील फार बोलका वाटतो. लोक आपल्याला कसं बघणार, यात तिच्या हाती उरलेलं होतं ते एवढंच. हॉगार्थ यांचं मत निराळं होतं. हिच्या चेहऱ्यावरूनच कळतं की ही काहीही करू शकेल, असं ते म्हणाल्याचं सांगतात. एकच चेहरा, आणि वाचन किती वेगळं!

फ्लीट स्ट्रीटवर, गुन्ह्याच्या जागेजवळच तिला फाशी दिली. छापचित्र सहा पेन्सला विकायला आलं, म्हणजे ज्याला तैलचित्र परवडणार नाही त्याच्याही भिंतीवर ती लागू शकत होती. मूळ चित्र आज एडिंबरोच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात आहे.

मेलेल्या तिघींची नावं होती लिडिया डंकम, एलिझाबेथ हॅरिसन आणि अ‍ॅन प्राइस. ती आपल्याला खटल्याच्या कागदांतून शोधावी लागतात. पडद्यावर दाखवायला त्यांचा चेहरा आमच्याकडे नाही.