इंधनघट आणि खारा वारा

हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगातून वीज देणारा इंधनघट प्रयोगशाळेत उत्तम चालतो. मग जहाजासाठी त्याची वेगळी परीक्षा का घ्यायची?

घट ऑक्सिजन घेतो हवेतून, आणि समुद्रावरच्या हवेत मिठाचे सूक्ष्म कण असतात. घटातील पातळ पटलातून फक्त प्रोटॉन पलीकडे जावेत अशी आपली अपेक्षा. पण मिठातील सोडियमचे आयन पटलात प्रोटॉनांच्या जागा बळकावतात, तर क्लोराइड प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाला निकामी करू लागते. घट एकदम बंद पडत नाही. वीज हळूहळू कमी होते, म्हणूनच दुखणे उशिरा कळते. यासाठी चाचणीत आम्ही घटाला मुद्दाम खारी हवा देतो आणि व्होल्टता तासन्‌तास नोंदवतो.

शिवाय जहाज डोलते. २२.५ अंशांपर्यंत डोलतानाही मुख्य यंत्रे चालली पाहिजेत, असा वर्गीकरण संस्थांचा नियम आहे. घट कलला की आत तयार झालेले पाणी (वर्गात आपण ज्याचे कौतुक करतो तेच!) साचून वायूंच्या वाटा तुंबवू शकते.

नॉर्वेची ‘हायड्रा’ ही फेरीबोट २०२३ पासून द्रव हायड्रोजनवर चालू लागली. तिच्यावर २०० किलोवॉटचे दोन इंधनघट आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये कोचीन शिपयार्डने वाराणसीसाठी बांधलेल्या बोटीचा इंधनघट पुण्याच्या केपीआयटीचा आहे. गंगेचे पाणी गोडे असल्याने मिठाची परीक्षा तिला द्यावी लागत नाही.