चाळीतला उजेड

सकाळी आठच्या सुमारास कांद्याच्या चाळीत ऊन तिरपे शिरते. बांबूच्या फटींमधून त्याच्या रेघा मालावर पडतात आणि एरवी नुसता ढीग दिसणारा कांदा एकेक करून वेगळा दिसू लागतो. कुणाची पत्ती सुटलेली असते, कुणाची मान वाळून पिळलेली, कुणाला अजून शेतातली माती चिकटलेली. सटाण्याच्या आसपास मळ्यामळ्यांत अशा चाळी आहेत. तरी इथला कॅमेरा बाहेर निघतो तो बहुधा साल्हेरसाठी किंवा मांगीतुंगीच्या सुळक्यांसाठी. १,५६७ मीटर उंचीचा साल्हेर हा महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. त्याचे फोटो काढावेतच. पण नजर तयार होते ती रोजच्या वस्तूवर, कारण तिच्याकडे हव्या त्या वेळी पुन्हा जाता येते.

छायाचित्रणाची सुरुवातही घरातच झाली. कॅमेऱ्याने टिपलेले, आज टिकून असलेले सर्वांत जुने चित्र फ्रान्सच्या नीएप्सने १८२६-२७ च्या सुमारास घेतले. त्यात आहेत त्याच्याच खिडकीतून दिसणारी छपरे. इंग्लंडच्या टॅल्बटने १८४४ मध्ये उघड्या दाराशी टेकवलेला खराटा टिपला. १९३० साली अमेरिकेत एडवर्ड वेस्टनने एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली. पत्र्याच्या वळणावरून परतलेला उजेड मिरचीच्या घड्यांवर हळुवार पसरला आणि ती एखाद्या माणसाच्या वाकलेल्या पाठीसारखी दिसू लागली. ‘पेपर नंबर ३०’ या नावाचे ते छायाचित्र आज जगभर ओळखले जाते. त्यासाठी लागले काय, तर बाजारातली एक मिरची आणि पत्र्याचे नरसाळे.

वस्तू तीच राहते, बदलतो तो उजेड. समोरून पडला तर आकार सपाट होतो, बाजूने पडला तर खरबरीतपणा उठून येतो, मागून आला तर पातळ गोष्टी आतून उजळतात. कांद्याची सुटलेली पत्ती खिडकीसमोर धरली की तिच्या शिरा स्पष्ट दिसतात. मोबाइल थोडा मागे घेऊन, पडद्यावर त्या पत्तीला बोट लावून फोकस पक्का करावा आणि प्रकाश किंचित कमी ठेवावा. नाहीतर मागची खिडकी पांढरीफटक होते आणि पत्तीचा रंग उडतो.

सटाण्यात २३ मेच्या आसपास, दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच लपते. अशा वेळी माणसांच्या डोळ्यांखाली काळे डाग पडतात, म्हणून चेहऱ्यांचे फोटो टाळलेले बरे. मात्र उन्हाच्या चट्ट्यांपासून वाचवण्यासाठी पांढऱ्या कापडाने झाकलेल्या डाळिंबाच्या बागेत तेच कडक ऊन गाळून मऊ होते. स्टुडिओत दिव्यापुढे पांढरा पडदा लावतात तो याच कामासाठी.

चौकटीत काय ठेवायचे नाही, हे ठरवणे जास्त अवघड. लिलावाच्या दिवशी ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते. सगळी रांग एका फोटोत घेतली तर बहुधा काहीच हाती लागत नाही. गोणीच्या शिवणीवरचा हात किंवा भाव ऐकताना ताठ झालेली मान पुरेशी असते. माणूस टिपायचा तर त्याला आधी विचारावे आणि काढलेला फोटो नंतर दाखवावा. त्यातून पुढच्या वेळी तो मोकळा वागतो, हा फायदा वेगळाच.

एकच जागा वर्षभर टिपणे हा सर्वांत चांगला सराव. उन्हाळ कांद्याने गच्च भरलेली चाळ पावसाळ्यात भाव पाहून थोडी थोडी रिकामी होत जाते, मग कोपऱ्यात नुसती टरफले उरतात. हे सगळे एका खांबाशी उभे राहून टिपता येते. लोखंडी सांगाड्याच्या आणि जाळीच्या चाळी आता सर्रास दिसतात. ज्यांच्या मळ्यात बांबूची जुनी चाळ अजून उभी आहे, त्यांनी ती उतरवण्याआधी तिच्यातली सकाळ एकदा टिपून ठेवावी.