उपाय केल्यावर पुढे काय?

‘पाणीटंचाईवर उपाय लिहा’ असा प्रश्न आला की मुलं झरझर लिहितात : झाडे लावा, पाणी अडवा, ठिबक वापरा, शेततळे करा. गुणही मिळतात. पण यातला एखादा उपाय गावात खरोखर झाल्यावर पुढे काय घडतं, हे आपण त्यांना विचारत नाही. शाश्वततेचं शिक्षण सुरू व्हायला हवं ते याच प्रश्नापासून.

शेततळ्याचंच पाहा. वाहून जाणारं पावसाचं पाणी साठवायचं आणि पावसाने ओढ दिली की पिकाला द्यायचं, हा त्याचा मूळ हेतू. २०१६ मध्ये राज्यात ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. मात्र दुष्काळी पट्ट्यात अनेक ठिकाणी तळ्याला प्लास्टिकचं अस्तर लागलं आणि ते विहिरी-बोअरच्या पाण्याने भरलं जाऊ लागलं. जमिनीखाली सुरक्षित असलेलं पाणी उन्हात आलं, त्याची वाफ होऊ लागली. उन्हाळ्याची सोय झाली म्हणून डाळिंब-द्राक्षाच्या बागा वाढल्या, बागांमुळे उपसा वाढला. शेजाऱ्याची विहीर आटली, तेव्हा त्यानेही बोअर घेतलं. प्रत्येकाने आपल्यापुरतं शहाणपणाचंच केलं, तरी भूजल खाली गेलं.

हे शिकवायला खडू-फळा पुरतो. मधोमध चौकोन काढा, त्यात लिहा ‘गावाचं भूजल’. आत येणारे बाण आवकीचे, बाहेर जाणारे जावकीचे. आता शेततळं कुठे दाखवायचं? अस्तर नसेल तर पाणी मुरतं, म्हणून बाण आत. बोअरने भरलं तर बाण बाहेर. त्या बाणापासून बागांकडे आणि बागांकडून पुन्हा उपशाकडे रेघ ओढली की स्वतःलाच वाढवत नेणारं चक्र मुलांना दिसतं. मग खरी चर्चा सुरू होते : हे चक्र तोडायचं कुठे?

साठा, आवक-जावक आणि चक्रं यांतून विचार करण्याची ही पद्धत अमेरिकेच्या ‘एमआयटी’तल्या जे फॉरेस्टर यांनी उभी केली. डोनेला मेडोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ च्या ‘लिमिट्स टू ग्रोथ’ या पुस्तकात तिच्या आधारे साऱ्या जगाचा हिशेब मांडला. आपल्याकडे हिवरे बाजार हे गाव पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतं. शेतीसाठी बोअर आणि ऊस यांना तिथे बंदी आहे. पाणलोटाच्या कामांनी आवक वाढवताना गावाने जावकीलाही बांध घातला, हे त्याच्या यशाचं मर्म आहे.

म्हणून प्रश्नपत्रिकेत एक ओळ वाढवावी : ‘हा उपाय गावातल्या सगळ्यांनी केला, तर दहा वर्षांनी विहिरींचं काय होईल?’ याचं उत्तर पाठ करता येत नाही. त्यासाठी पातळी मोजावी लागते, शेतकऱ्यांशी बोलावं लागतं, वर्गात वाद घालावा लागतो. दोरी आणि मोजपट्टी घेऊन शिक्षकांसोबत महिन्यातून एकदा विहिरीवर जाणं गावातल्या कुठल्याही शाळेला जमण्यासारखं आहे. नव्या अभ्यासक्रमाची वाट न पाहता यंदाच्या दिवाळीनंतर पहिली नोंद करता येईल.