कामाचे टेबल घरच्या घरी : कापलेली फळी कशी आणि कोठून घ्यावी

आपली कितीतरी मुले आज हाताचे काम शिकून बाहेर पडत आहेत. कोणी रत्नागिरीच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून वायरमन किंवा फिटर होतो. एखादी मुलगी शिवणाचा वर्ग पुरा करते, तर कोणी मिक्सर-पंखे दुरुस्त करायला शिकतो. हातात कसब येते, दाखलाही मिळतो, आणि मग काम करायचे कोठे हा प्रश्न उभा राहतो. बाजारपेठेत गाळा घ्यायचा तर अनामत रक्कमच झेपत नाही. मग घरातच जमिनीवर बसून काम सुरू होते. पाठ भरून येते, बारीक स्क्रू हरवतात, रांगते मूल सोल्डरच्या इस्त्रीकडे धाव घेते. दारात आलेले गिऱ्हाईक तो पसारा पाहून मजुरी पाडून मागते. चार-सहा महिन्यांत मुलगा कंटाळतो आणि ठेकेदाराच्या हाताखाली मुंबईला निघून जातो. एका बळकट टेबलाच्या अभावी असे झालेले आम्ही आपल्या वस्त्यांतून पाहिले आहे, म्हणून या पानावर आज टेबलाचा विषय घेतला.

फर्निचरच्या दुकानातले तयार टेबल कागदपत्रे ठेवण्यापुरते असते. त्यावर हातोडी चालवली की ते नाचते. कामाचे टेबल आपणच करावे. त्यातली अवघड गोष्ट म्हणजे वरची फळी, आणि ती नेमक्या मापात कापून मिळाली तर बाकीचे काम घरच्या दोन माणसांना एका रविवारी जमण्यासारखे आहे.

प्लायवुडची अख्खी पाटी ८ फूट लांब आणि ४ फूट रुंद येते, म्हणजे ३२ चौरस फूट. ६ सुताची, म्हणजे पाऊण इंच जाडीची पाटी तीस-पस्तीस किलोच्या घरात जाते. ती चाळीच्या जिन्यात वळत नाही आणि रिक्षात तर मावतच नाही. घरी आणून हातकरवतीने कापायची म्हटली तर कड वाकडी जाते, वरची साल उचकटते. ज्या दुकानात कापायचे यंत्र आहे तेथेच ती कापून घ्यावी. कापणावळ द्यावी लागली तरी टेंपोच्या भाड्यात ती वाचते, कारण ४ फूट बाय २ फुटांचे तुकडे रिक्षातूनही घरी येतात.

दुकानात जाण्यापूर्वी कागदावर मांडणी करा. एका पाटीत ४ बाय २ चे बरोबर चार तुकडे बसतात, काही वाया जात नाही. टेबल साडेचार फुटांचे हवे असा हट्ट धरलात तर दोनच तुकडे सरळ निघतात आणि उरलेल्या पट्ट्यांचेही पैसे तुम्हीच भरता. म्हणून माप आपल्या मनातले न धरता पाटीचे धरावे. पात्याच्या जाडीमुळे प्रत्येक तुकडा अर्धे-एक सूत कमी भरतो. त्यावरून दुकानदाराशी वाद घालू नये, पण खालचा सांगाडा मात्र तुकडा हातात आल्यावरच मापावा.

चार तुकडे म्हणजे चार घरांची टेबले. येथे बचत गटातल्या भगिनींनी पुढे यावे. एकटा माणूस अर्धी पाटी मागायला गेला तर दुकानदार बहुधा नाक मुरडतो. चौघांनी मिळून एक पाटी घेतली तर भावही बोलता येतो आणि पक्के बिलही मागता येते.

आता प्रतीचे पाहू. दुकानदार विचारतो, "कमर्शियल देऊ की मरीन?" आपण भाव ऐकतो आणि कमर्शियल म्हणतो. कमर्शियल म्हणजे साधारणपणे एमआर प्रत. दमट हवा काही प्रमाणात सोसणारी, पण पाणी न सोसणारी. तिचे थर युरियाच्या डिंकाने चिकटवलेले असतात. बीडब्ल्यूआर प्रतीत फिनॉलचा डिंक असतो, तो पाण्याला दाद देत नाही. मरीन त्याहून वरची, पण घरातल्या टेबलाला तिची गरज नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, चार महिने भिंती घामेजलेल्या असतात, आणि आपल्यापैकी अनेकांची कामाची जागा म्हणजे पडवी. तेथे एमआर प्लायचे थर कडेपासून सुटू लागतात. हिशेबापुरते धरा : एमआर चौरस फुटाला ८० रुपये आणि बीडब्ल्यूआर ११० रुपये. पाटीत फरक पडला ९६० रुपयांचा, म्हणजे प्रत्येक टेबलामागे २४०. बाजारभाव निराळे असतील, पण हिशेब असाच मांडून पाहावा. तेवढ्यासाठी दोन-तीन पावसाळ्यांनी पुन्हा फळी विकत घेणे गरिबाला परवडत नाही, ते श्रीमंतालाच परवडते.

पाटीवर आयएसआयचा छाप आणि त्याखाली परवाना क्रमांक आहे का ते पाहावे. हा क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल अ‍ॅपवर टाकला की कारखान्याचे नाव निघते. घरातल्या शाळकरी मुलाला हे काम सांगा, तो दुकानात उभ्या उभ्या करून देईल. आपल्याकडे विकला जाणारा पुष्कळ प्लाय केरळातल्या पेरुंबावूरचा किंवा हरियाणातल्या यमुनानगरचा असतो. दोन्हीकडे चांगले कारखाने आहेत आणि सुमारही आहेत, त्यामुळे गावाच्या नावावर जाऊ नये. पार्टिकल बोर्ड, म्हणजे दाबलेल्या भुशाची पाटी, स्वस्त दिसते. ती कामाच्या टेबलाला घेऊच नका. पाणी लागले की ती फुगते आणि कडेला मारलेला स्क्रू धरत नाही.

आमच्या मते या साऱ्याहून सोयीची वस्तू म्हणजे फ्लश दरवाजा. हा तर कापलेलाच येतो! साधारण ७ फूट उंच, अडीच ते तीन फूट रुंद, सव्वा इंच जाड. आत लाकडी पट्ट्या भरलेल्या आणि दोन्ही बाजूंनी प्लाय. तो आडवा टाकला की झाले टेबल. पाऊण इंचाच्या प्लायपेक्षा तो कमी वाकतो. इमारतींच्या साइटवरून मापात न बसल्यामुळे परत आलेले किंवा कोपरा फुटलेले दरवाजे व्यापाऱ्याकडे पडून असतात. त्याला जागा अडते, म्हणून घासाघीस करायला वाव असतो. फुटका कोपरा कापून टाकला की सहा फुटांचे टेबल हाती येते. मात्र भरीव दरवाजाच घ्यावा. बोटांच्या पेरांनी मधोमध आणि चारी बाजूंना ठोकून पाहा, पोकळ आवाज आला तर सोडून द्या. शिवणकाम करणाऱ्या मुलींना तर हाच उत्तम. ४४ इंच पन्ह्याचे कापड दुमडून २२ इंच होते, ते तीन फुटी दरवाजावर पसरून वर कात्री, खडू आणि टेप ठेवायला जागा उरते. घर अरुंद असेल तर दरवाजा उभा चिरून दीड-दीड फुटांच्या दोन पट्ट्या कराव्यात आणि भिंतीलगत लावाव्यात. चिरलेल्या कडेला लाकडी पट्टी ठोकायला विसरू नये.

शहरात प्लायवुडची दुकाने आहेतच. शिवाय मिरजोळे एमआयडीसीच्या बाजूला किंवा गावात जेथे फर्निचरचे काम चालते तेथे मिस्त्रीला तुकडे विचारावेत. स्वयंपाकघराच्या कपाटांतून उरलेले दोन-अडीच फुटांचे तुकडे ड्रॉवरला, खालच्या फळीला उपयोगी पडतात. दहा-बारा कुटुंबे एकत्र आली तर आंबा घाट चढून कोल्हापूरच्या टिंबर मार्केटला चौकशी करण्यात अर्थ आहे. दोन-तीन टेबलांसाठी नाही, भाडेच अंगावर येईल.

पायांसाठी नवे लाकूड कशाला? कौलारू घरे पाडून जागोजाग स्लॅबची घरे उभी राहत आहेत आणि जुने वासे अंगणात पावसात भिजत पडतात. ऐन, किंजळ यांचे ते वासे तीन बाय तीन इंचांच्या पायांना लोखंडासारखे असतात. वखारीत चिरायला नेण्यापूर्वी त्यातला प्रत्येक खिळा काढावा, नाहीतर वखारवाला पाते तुटल्याची भरपाई मागेल, आणि ते बरोबरच आहे. आंब्याच्या पेटीच्या फळ्या मात्र वरच्या कामाला वापरू नयेत. आंब्याच्या लाकडाला भुंगा लवकर लागतो. हे काही नको असेल तर लोखंडी अँगलचा सांगाडा वेल्डरकडून करून घ्यावा. आपल्या वस्तीत एखादा वेल्डर असतोच.

फळीखाली दोन बाय दोन इंचांची चौकट हवी, नाहीतर जड वस्तूने मध्ये झोळ येतो. उभ्याने रंधा मारणाऱ्याने हात सरळ सोडून मनगट जेथे येईल तेवढी उंची ठेवावी. बारीक दुरुस्तीला चार-सहा इंच जास्त. शेगडा स्क्रूने न बसवता आरपार बोल्ट आणि खाली लोखंडी पट्टी घालून बसवावा. सोल्डरिंगच्या जागी फरशीचा एक तुकडा ठेवावा.

अवजारांसाठी १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना आहे. तिच्यातल्या १८ व्यवसायांत सुतार, शिंपी, चर्मकार, गवंडी येतात आणि अवजारांना १५ हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य आहे. वायरमनचा धंदा त्या यादीत नाही. टेबलाचा खर्च आपला आपणच काढायचा असे धरून चालावे.

खरेदी दिवाळीनंतर करावी. पावसात गोदामात ओल धरलेली पाटी आणली तर ती घरी वाळताना वाकते. कापलेल्या चारी कडा, फळीची खालची बाजू आणि पायांचे तळ यांना व्हार्निश किंवा ऑइलपेंटचे दोन हात द्यावेत. वरची बाजू सगळेच रंगवतात, पाणी शिरते ते कडेतून आणि तळातून. भिंतीपासून चार बोटे जागा सोडावी. जमीन शेणाने सारवलेली असेल तर प्रत्येक पायाखाली फरशीचा किंवा जुन्या टायरचा तुकडा घालावा आणि मे महिन्यात एकदा टेबल आडवे करून वाळवीची माती चढली आहे का ते पाहावे.