फॉर्मेलिनची बाटली उघडण्याआधी

जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बरण्यांमधले बेडूक-मासे वर्षानुवर्षे टिकतात ते फॉर्मेलिनमुळे. पाण्यात सुमारे ३७ टक्के फॉर्माल्डिहाइड वायू विरघळवून केलेले हे द्रावण. ते ऊती टिकवते, हे जर्मन वैद्य फर्डिनांड ब्लूम यांच्या १८९३मध्ये ध्यानात आले, ते स्वतःच्याच बोटांची कातडी ताठरल्यावर!

म्हणजे ते जिवंत त्वचेलाही सोडत नाही. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. वारंवार संपर्क आला तर काहींना कायमची ॲलर्जी जडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४मध्ये फॉर्माल्डिहाइडला माणसासाठी कर्करोगकारक ठरवले. नाकाला फॉर्मेलिनच्या वासाची सवय होते. त्यामुळे वास येईनासा झाला म्हणून धोका टळला, असे विद्यार्थ्यांनी मुळीच समजू नये.

बाटली फ्यूम हूडखालीच उघडावी, नायट्राइलचे हातमोजे आणि चहूबाजूंनी बंद गॉगल घालून. साधा कापडी मास्क हा वायू अडवत नाही. डोळ्यात थेंब उडाल्यास निदान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवावा आणि लगेच डॉक्टर गाठावा.

कपाटातली जागाही महत्त्वाची. हायड्रोक्लोरिक आम्लाचा शेजार नकोच. दोहोंच्या वाफा एकत्र आल्या तर बिस-क्लोरोमिथिल ईथर हे आणखी घातक कर्करोगकारक रसायन तयार होऊ शकते.