उलटा खांदा

डॉक्टर रुग्णाचा हात अलगद उचलून खांद्याच्या रेषेत आडवा धरतात आणि सांगतात, ‘आता असाच ठेवा.’ आधार काढला, की हात धपकन खाली. सांधा आखडलेला नसतो. दुसऱ्यानं उचलला तर हात वर जातो, आपला आपण जात नाही.

खांद्याचा चेंडू मोठा आणि खोबण उथळ, म्हणजे बशीत मोसंबं ठेवल्यासारखा कारभार. चेंडू जागेवर दाबून धरतात त्या चार स्नायूंच्या कंडरा, म्हणजेच ‘रोटेटर कफ’. हा कफ मोठा फाटला, तर वरचा डेल्टॉइड स्नायू हात उचलण्याऐवजी चेंडूच वर खेचतो. फाट जुनी असेल तर कंडरा आक्रसून आत गेलेली असते, स्नायूत चरबी शिरलेली असते. टाका घालायचा तरी कशाला?

फ्रान्समधल्या दिजों शहरातल्या पॉल ग्रामों यांनी 1985 मध्ये शिवण्याचा नादच सोडला. त्यांनी चेंडू बसवला खोबणीच्या जागी आणि खोबण दंडाच्या हाडावर! त्यामुळे सांधा ज्या बिंदूभोवती फिरतो तो आत आणि खाली सरकला, डेल्टॉइडला लांब तरफ मिळाली आणि तो एकटाच हात वर नेऊ लागला. उलट्या सांध्याचे प्रयोग अमेरिकेत चार्ल्स नीर यांनी सत्तरीच्या दशकातच करून सोडून दिले होते. ग्रामोंची करामत चेंडू उलटवण्यात नव्हे, तो बिंदू हलवण्यात आहे.

पण कृत्रिम सांधा झिजतो, त्यामुळे तो शक्यतो वयस्कांसाठीच. तरुण रुग्णांसाठी स्वित्झर्लंडच्या ख्रिश्चन गर्बर यांनी 1988 मध्ये पाठीचा रुंद स्नायू खांद्यावर वळवण्याची रीत मांडली. जपानच्या तेरुहिसा मिहाता यांनी मांडीवरचं चिवट आवरण काढून खोबणीच्या वरच्या काठापासून दंडाच्या हाडापर्यंत ताणून बसवलं. ही पट्टी ओढत काहीच नाही, चेंडूला वर सरकू देत नाही एवढंच. 2013 साली त्यांनी 23 रुग्णांच्या 24 खांद्यांचा हिशेब मांडला: हात सरासरी 84 अंशांपर्यंत जायचा, तो 148 पर्यंत जाऊ लागला. दात्याच्या त्वचेची पातळ पट्टी वापरणाऱ्या इतरांना मात्र इतकं एकसारखं यश आलं नाही.

सगळ्यांत सुटसुटीत वाटला तो फुगा. चेंडू आणि वरचं हाड यांच्यामध्ये ठेवायचा, काही महिन्यांत आपोआप विरघळणारा. ब्रिटनमध्ये 117 रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी झाली. 2022 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला: दुर्बिणीतून नुसती साफसफाई केलेले रुग्ण फुगा बसवलेल्यांपेक्षा बरे होते.